नोंदवही कोणाच्या हाती?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी भोपाळला मावशीकडे गेलो होतो. मावशीचे घर अवधपुरीत आहे. भेलच्या कारखान्याला लागून वाढलेली ही वस्ती. निवृत्त कामगारांनी आणि नोकरदारांनी पै-पै साठवून बांधलेली घरे, दारापुढे तुळस, सकाळी दूधवाला, मागोमाग भाजीची हातगाडी. आणि या सर्वांच्याही आधी, उजाडता उजाडता, पाठीवर पोते टाकून कचरा वेचीत जाणाऱ्या बायका. एका पहाटे मावशीच्या ओळीतील एका घरातून पाण्याची मोटार आणि पितळेची दोन पातेली नाहीशी झाली. चोर कोणीच पाहिला नव्हता. पण आठ वाजायच्या आत गल्लीने निकाल देऊन टाकला होता. चहा गाळता गाळता मावशी म्हणाली, "अरे, त्या पारधिणींचंच काम असणार. दुसरं कोण?"

माझी मावशी दुष्ट बाई नव्हे. दिवाळीला ती याच बायकांना लुगडी देते, फराळ देते. तिने ते वाक्य रागाने म्हटले नाही. सूर्य पूर्वेला उगवतो हे आपण जितक्या सहज सांगतो, तितक्याच सहज ती ते बोलली. मला भीती वाटली ती त्या सहजपणाची.

दुपारी कळले की, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीतून दोन बायकांना पोलिसांनी उचलून नेले आहे. मावसभावाच्या ओळखीच्या एक वकीलबाई होत्या. त्यांच्याबरोबर मीही ठाण्यात गेलो. टेबलामागचे हवालदार शांतपणे म्हणाले, "किसी को लाया ही नहीं. रजिस्टर देख लो." रजिस्टर खरोखरच कोरे होते. म्हणजे कागदोपत्री त्या दोन बायका त्या क्षणी कुठेच नव्हत्या. घरीही नाहीत आणि ठाण्यातही नाहीत.

आमच्याबरोबर वस्तीतील एक मुलगी आली होती. नववीत शिकणारी. तिने दप्तरातून शाळेची वही काढली आणि मागचे पान उघडले. त्यावर तारीख होती. वेळ होती, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. गाडीचा नंबर होता. नेलेल्या दोघींची पूर्ण नावे होती. दोन शिपायांच्या छातीवरील पट्टीवरची नावे होती आणि तिसऱ्याच्या छातीवर पट्टीच नव्हती, हेही तिने लिहिले होते. वकीलबाईंनी तो मजकूर हवालदारांना सावकाश वाचून दाखवला. दिवस मावळायच्या आत दोघी बाहेर आल्या. त्या वहीमुळे सुटल्या की नाहीतरी त्यांना सोडणारच होते, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. मोटार कोणी नेली, तेही शेवटपर्यंत कळले नाही. परंतु हवालदारांनी त्या वहीकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर माझ्या लक्षात राहिली आहे. ठाण्यातील रजिस्टरला बहुधा पहिल्यांदाच दुसरे एक रजिस्टर भेटले होते.

मित्रहो, मला या लेखात त्या वहीविषयीच बोलायचे आहे.

आपण सोलापूरचे लोक 'सेटलमेंट' हा शब्द रोज वापरतो. रिक्षावाल्याला सांगतो, पाकिटावर पत्ता लिहितो. आपल्या नियतकालिकाच्या कन्नड विभागातील मित्रांच्या हुबळीतही सेटलमेंट नावाचा भाग आहे. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांनी हा इंग्रजी शब्द जसाच्या तसा उचलला, कारण ती वस्तूच सरकारने बाहेरून आणून दोघांच्या अंगणात ठेवली होती. 1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. माणसाने गुन्हा केला म्हणून नव्हे, तर तो अमुक जातीत जन्मला म्हणून त्याला गुन्हेगार ठरवणारा हा कायदा. 1911 आणि 1924 साली तो अधिक विस्तृत करण्यात आला. पारधी, कैकाडी, भामटे, मांग-गारुडी, घंटीचोर अशा अनेक जमाती त्याच्या जाळ्यात आल्या. सोलापूर, हुबळी, गदग, विजापूर येथे तारेच्या कुंपणातील वसाहती उभ्या राहिल्या. आतल्यांनी ठराविक वेळेला हजेरी द्यायची, पास घेऊनच बाहेर पडायचे आणि गिरणीत काम करून पुन्हा कुंपणात यायचे.

या साऱ्या व्यवस्थेचा पाया काय होता? लाठी नव्हे, बंदूकही नव्हे. पाया होता एका नोंदवहीचा. जमातीतील माणसांची नावे सरकारी वहीत चढवायची, बोटांचे ठसे घ्यायचे, आणि एकदा सरकारने जमातीला गुन्हेगार जाहीर केले की त्या घोषणेविरुद्ध कोर्टात ब्र काढायची सोय ठेवायची नाही. लाठी नंतर येत होती. ती कोणाच्या पाठीवर पडायची, हे वही आधी ठरवून ठेवीत होती.

31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला. या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण मुंबई राज्याने 1959 साली सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, इतर राज्यांतही तसेच कायदे आले, आणि जुन्या वहीवर नवे पुठ्ठे चढले. मध्य प्रदेशात आजही ठाण्यातून 'निगरानी बदमाश' अशी यादी ठेवतात. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' 1980 साली आले, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' 1987 साली. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले, दोन्ही आपण अभ्यासक्रमात वाचतो, परीक्षेत त्यांवर टिपा लिहितो. कायद्याला मात्र ती वाचायला वेळ लागला. 2024 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात राज्यांना बजावले की, केवळ मागास जातीत जन्मल्याबद्दल निरपराध माणसांची नावे गुन्हेगारांच्या याद्यांत यांत्रिकपणे घालू नयेत. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतील जातीवर आधारलेली कलमे न्यायालयाने रद्द केली. म्हणजे 1871 साली उघडलेले पान पुरते मिटवायला दीडशे वर्षेही पुरली नाहीत.

आता थोडे दूर जाऊ. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ओकलंड नावाचे बंदराचे शहर आहे. तेथील मेरिट कॉलेज या साध्यासुध्या महाविद्यालयात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील हे दोन काळे विद्यार्थी एकत्र आले. 1966 च्या ऑक्टोबरात त्यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. त्यांच्या दहा कलमी कार्यक्रमातील पहिलेच कलम आपल्या समाजाचे भवितव्य आपण ठरवण्याच्या अधिकाराचे होते. सातवे होते पोलिसांची मारहाण आणि हत्या थांबवण्याचे.

या पँथरांचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे काळे कोट, तिरक्या टोप्या आणि बंदुका येतात. ते चित्र खोटे नाही. पण ते अर्धे आहे. न्यूटनने कायद्याचा अभ्यास केला होता. पँथरांच्या तुकड्या पोलिसांच्या गाडीमागून जात. पोलिसांनी कोणा काळ्या माणसाला अडवले की कायद्याने ठरवलेल्या अंतरावर उभ्या राहत आणि पुस्तकातून त्या माणसाचे हक्क मोठ्याने वाचून दाखवीत. बंदूक उघडपणे बाळगणे तेव्हा तेथे कायदेशीर होते. 1967 साली तो कायदाच बदलण्यात आला. बंदूक गेली, पुस्तक मात्र राहिले. 1969 च्या जानेवारीत ओकलंडमधील एका चर्चमध्ये त्यांनी शाळकरी मुलांना मोफत न्याहारी द्यायला सुरुवात केली, आणि बघता बघता ती अनेक शहरांत पसरली. मोफत दवाखाने निघाले. काळ्या लोकांत अधिक आढळणाऱ्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासण्या सुरू झाल्या. हे काम चालवणाऱ्यांत स्त्रियांचा वाटा फार मोठा होता. अमेरिकेच्या गुप्त पोलिसांनी ही संघटना मोडण्यासाठी जंग जंग पछाडले. 4 डिसेंबर 1969 रोजी शिकागोत पोलिसांच्या छाप्यात फ्रेड हॅम्प्टन हा एकवीस वर्षांचा नेता बिछान्यातच मारला गेला. आपसांतील भांडणांनीही घात केला, आणि 1982 पर्यंत पक्ष संपला.

परंतु पोलिसांवर नजर ठेवण्याची सवय संपली नाही. 25 मे 2020 रोजी मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर पोलीस गुडघा देऊन बसला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात त्या गुडघ्याचा उल्लेखही नव्हता. रस्त्याने जाणाऱ्या सतरा वर्षांच्या एका मुलीने ते सारे आपल्या मोबाइलवर टिपले होते, म्हणून जगाला सत्य कळले आणि पुढच्या वर्षी त्या पोलिसावर खुनाचा गुन्हा शाबीत झाला. ओकलंडचे पुस्तक, मिनियापोलिसचा मोबाइल आणि भोपाळच्या मुलीची वही ही मला एकाच घराण्यातली वाटतात.

आपल्याकडे पँथर आली ती 29 मे 1972 रोजी, मुंबईत. इळयापेरुमल समितीचा अहवाल अस्पृश्यांवरील अत्याचारांचा पाढा वाचीत होता. बावडा येथे बहिष्कार घातला गेला, परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावी दलित स्त्रियांची विटंबना झाली. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले हे तरुण पेटून उठले आणि त्यांनी ओकलंडच्या पक्षाचे नाव उचलून 'दलित पँथर' स्थापन केली. त्यांनी महाराष्ट्राला खडबडून जागे केले यात शंका नाही. अत्याचार झाला तेथे ते धावून गेले, फिर्याद घेण्यास ठाण्यांना भाग पाडले. 1974 च्या जानेवारीत वरळीच्या दंगलीत त्यांनी लाठ्या-गोळ्या सोसल्या, भागवत जाधव हा तरुण मोर्चात मारला गेला. नाव घेताच पाटील-सरपंचांना घाम फुटावा अशी जरब त्यांनी निर्माण केली. 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा ज्या दीर्घ दबावातून आला, त्यात त्यांचा वाटा आहे.

तरीही, त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून, मला एक गोष्ट म्हणावीशी वाटते. ओकलंडकडून आपण डरकाळी घेतली, नाव घेतले, आवेश घेतला. पुस्तक आणि न्याहारीची थाळी मात्र बहुतांशी तिकडेच राहिली. दोन वर्षांत संघटनेत आंबेडकरवाद की मार्क्सवाद यावर फूट पडली, 1977 च्या मार्चमध्ये ढाले यांनी ती बरखास्त केल्याचे जाहीर केले. मागे थोर कविता उरली. मोडलेली भीती उरली. पण वस्तीवस्तीत 'आज कोणाला नेले, किती वाजता नेले, कोणी नेले' हे लिहून ठेवणारी माणसे त्या प्रमाणात उरली नाहीत. डरकाळीने वाघ दूर पळतो. कारकुनाच्या वहीपुढे मात्र वहीच लागते.

ही वही नेहमी कागदाचीच असते असेही नाही. 1998 च्या फेब्रुवारीत बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन या शबर जमातीच्या तरुणाचा पोलिसांच्या मारहाणीत मृत्यू झाला. पोलिसांनी आत्महत्येची कथा सांगितली. शबर माणसे बहुतेक निरक्षर. त्यांनी काय केले? मृतदेह जाळला नाही, तो पुरून जपून ठेवला. तेवढ्यामुळे पुन्हा शवविच्छेदन होऊ शकले. महाश्वेतादेवी ज्या संघटनेच्या पाठीशी होत्या तिने कोलकात्याच्या उच्च न्यायालयात दाद मागितली आणि न्यायालयाने चौकशीचा व भरपाईचा हुकूम दिला. ज्यांना सही करता येत नव्हती त्यांनी पुराव्याचे मोल ओळखले होते! त्याच वर्षी महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि आपले लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी देशपातळीवर गट उभा केला, आणि अहमदाबादच्या छारानगरातील तरुणांनी बुधनच्या नावाने नाटकमंडळी काढली. ती आजही पोलिसी जुलमावरची नाटके रस्त्यावर करते.

भोपाळच्या पारध्यांचीही अशीच कथा आहे. 2007 च्या सप्टेंबरात बैतूल जिल्ह्यात, आपल्या वऱ्हाडाला लागून असलेल्या मुलताई भागातील चौथिया गावी, एका खुनाच्या संशयावरून जमावाने पारध्यांची सारी वस्ती जाळून जमीनदोस्त केली. पोलीस आणि अधिकारी हजर असताना हे घडले, असा त्यांचा आरोप होता. ही माणसे भोपाळला आणून टाकली गेली, आणि मुलाबाळांसह उघड्यावर दिवस काढू लागली. पण ती गप्प बसली नाहीत. श्रमिक आदिवासी संघटनेच्या साथीने त्यांनी कोर्टाची पायरी चढली. 2009 साली उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला. ज्यांची नावे पिढ्यान्पिढ्या आरोपी म्हणून लिहिली गेली, त्यांची नावे या कागदावर फिर्यादी म्हणून आली. स्वयंनिर्णय या जड शब्दाचा अर्थ मला तरी येथे उलगडतो.

आणि परभणीचे काय सांगावे? 2024 च्या डिसेंबरात संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर तेथे उद्रेक झाला, धरपकड झाली. वडार समाजातील, कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्याच्या आईने भरपाईचा धनादेश नाकारला आणि न्यायालय गाठले. शवविच्छेदनाचा अहवाल तिच्या बाजूने बोलत होता. 2025 च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयाने पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला व तो सर्वोच्च न्यायालयातही टिकला. तोही तुमच्यासारखाच विद्यार्थी होता, याचा विसर पडू देऊ नका.

यावर काही आक्षेप येतील, ते मी ऐकलेले आहेत. पहिला मावशीचा: "पण काही जण चोऱ्या करतातच ना?" करत असतील. त्यांना पकडा, पुरावा द्या, शिक्षा करा. पण चोर हा माणूस असतो, जात नव्हे. बँक बुडवणाऱ्याच्या आडनावाच्या साऱ्या लोकांना आपण रात्री हजेरी द्यायला बोलावीत नाही. दुसरा आक्षेप असा की, पोलीसही गरीब घरचाच पोरगा आहे, बारा-बारा तास उभा असतो, त्याच्यावर वरून दडपण असते. हे खरेच आहे. पण खरी नोंद ही सरळ पोलिसाची शत्रू नाही, उलट त्याची ढाल आहे. तिची भीती फक्त कोऱ्या रजिस्टरमागे लपणाऱ्याला. तिसरे असे म्हणतात की, आता ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने 2020 सालीच दिला आहे, मग वही कशाला? कॅमेरा त्यांच्या भिंतीवर आणि किल्ली त्यांच्या खिशात, हे विसरून कसे चालेल?

मग आपण, म्हणजे महाविद्यालयातील शिकलेल्या माणसांनी, काय करायचे? बंदूक तर नकोच, ती आपली वाट नव्हे. आपल्याकडे संविधानाचे बाविसावे कलम आहे. अटक का केली हे सांगितलेच पाहिजे, वकील मिळालाच पाहिजे, चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभे केलेच पाहिजे. 1996 साली डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेले अकरा नियम आहेत. त्यांतील एक नियम आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. अटकेच्या वेळी टिपण करावे आणि त्यावर घरच्या माणसाची किंवा त्या भागातील एखाद्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही घ्यावी.

प्राध्यापक मित्रहो, ही 'प्रतिष्ठित व्यक्ती' कोण? ती तुम्ही आहात, मी आहे. कायद्याने आपल्यासाठी एक ओळ मोकळी सोडली आहे आणि आपण तिच्याकडे कधी वळूनही पाहिलेले नाही. आपल्या स्टाफरूममधील दहा माणसांनी जरी 'सेटलमेंटमधून रात्री-अपरात्री हाक आली तर मी सहीला येईन' असे सांगून आपले फोन नंबर तेथे दिले, तरी पुष्कळ होईल. आणि विद्यार्थ्यांनो, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी रस्ता झाडतो, झाडे लावतो. एखाद्या वर्षी अटकेचे नियम मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत सोपे करून लिहू आणि वस्तीत बसून मोठ्याने वाचू. आपल्या नियतकालिकाचे दोन विभाग निदान एका कामासाठी एकमेकांचे तोंड पाहतील.

फक्त एक पथ्य पाळायला हवे. भोपाळहून निघण्याआधी मी त्या मुलीला भेटलो होतो. म्हटले, "बेटा, ही वही मला दे, मी सांभाळून ठेवीन, लेख लिहीन." मला वाटले होते, तिला बरे वाटेल. तिने वही छातीशी धरली आणि हसून म्हणाली, "कॉपी तो मेरे पास ही रहेगी, सर. आप उतार लो."

मी वस्तीतल्या ओट्यावर बसलो आणि तिने सांगितले तसे उतरवून घेतले.